दोन तोंडांचा एक कार्बोरेटर

माझ्या उस्तादांनी मला फसवले. मी त्यांना नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत ही गोष्ट उलटी सांगितली जाते. तिथे मी म्हणजे डबल कार्बोरेटर लावून सिंगलच्या गटात घुसलेला माणूस. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या दिवशी माझ्या गाडीचे बॉनेट उघडून आत पाहिले नव्हते. पाहिले होते फक्त उस्तादांनी. त्यांना अजूनही मी अहो-जाहो करतो. ती जिभेची सवय आहे, आदर समजू नये.

गिरण्यांचा संप लांबला आणि मागांच्या दुरुस्तीवर असलेला मी घरी बसलो. वडीलही त्याच गिरणीत, म्हणजे घरात दोन पुरुष बसलेले. लग्न नुकतेच झाले होते. आमच्याच तालुक्यातला एक माणूस घाटकोपरला गाड्यांचे गॅरेज चालवतो असे कळले, तेव्हा तिथे जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "गिरणीतलो मां? मग आवाज कळतलो तुका. बाकीचा मी शिकवीन."

शिकवलेही, हे नाकारत नाही. कार्बोरेटरसारखी वस्तू त्यांच्याइतकी कोणालाच कळत नव्हती. पेट्रोल आणि हवा किती प्रमाणात मिसळून इंजिनात जाणार हे ठरवणारा तो मुठीएवढा ठोकळा. गाडी उठते का, ठसकते का, पेट्रोल ढोसते का, सगळे त्याच्यावर. उस्ताद रबरी नळीचे एक टोक कानात घालत, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत आणि डोळे मिटून हवेचा आवाज ऐकत.

त्यांच्या गॅरेजात या वस्तूला तीन नावे होती. एक तोंड असलेला तो सिंगल. एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी दोन तोंडे असली की डबल. आणि दोन वेगवेगळे कार्बोरेटर एका इंजिनावर बसवले की ती जोडी. पहिल्याच महिन्यात मी एका गिऱ्हाइकासमोर जोडीला डबल म्हणालो, तेव्हा उस्तादांनी हातातले फडके माझ्या अंगावर फेकले होते. "मेल्या, डबल म्हणजे एक नग, दोन तोंडां. जोडी म्हणजे दोन नग. परत चुकलंस तर पंक्चर काढूक बसवीन." परत चुकलो नाही. या तीन शब्दांवरच पुढे सगळे झाले, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

चार वर्षे तिथे काढली. शेवटच्या दोन वर्षांत वेगासाठी तयार होणाऱ्या बहुतेक गाड्या माझ्या हातून जात. गाड्या शौकिनांच्या, वांद्र्याच्या, अंधेरीच्या. त्यांचा एक क्लब होता. वर्षातून एका रविवारी सकाळी सरळ रस्त्यावर गाड्या पळवून वेळ मोजायचे आणि क्लबच्या हॉलमध्ये एका लाकडी फळ्यावर प्रत्येक गटातल्या पहिल्या गाडीची नोंद रंगवायचे. मालकाचे नाव, आणि त्याखाली गाडी तयार करणाऱ्याचे. माझ्या हातच्या दोन गाड्या त्या फळ्यावर आहेत. दोन्हींखाली नाव उस्तादांचे. ते बरोबरच, गॅरेज त्यांचे होते. पण गिऱ्हाईक फळा वाचून गॅरेज शोधते. मी साकीनाक्याला लेथवाल्यांच्या ओळीत पत्र्याची शेड घेतली तेव्हा माझ्याकडे यायचे ते फक्त टॅक्सीवाले. मला फळ्यावरची एक ओळ हवी होती. दुसरे काहीही नको होते.

म्हणून स्वतःची गाडी तयार करायला घेतली. टॅक्सीतून काढलेली जुनी, चौकोनी. त्या काळी मुंबईत जिकडेतिकडे दिसे तीच. टपावरचा पिवळा रंग मी स्वतः खरवडला. क्लबच्या सर्वांत खालच्या गटाचे नियम सोपे होते: गाडी रस्त्यावरची हवी, स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, इंजिन मूळचे आणि कार्बोरेटर एकच. यातला 'एकच' मला नीट करून घ्यायचा होता. मी क्लबच्या सेक्रेटरींना वांद्र्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारले. ते गोरेपान, बारीक आवाजाचे गृहस्थ, माझ्याशी पहिल्यापासून हिंदीत बोलत होते, तरी उत्तर मी मराठीत मिळवलेच.

"एक नग असला की सिंगल," ते म्हणाले. "त्याला तोंडं किती, ते आम्ही विचारत नाही."

"लिहून देता?"

"अहो, नियम छापलेला आहे. लिहून काय द्यायचं?"

बाजारात स्क्रूसुद्धा पारखून घेणारा मी, ते ऐकून उठलो. ही माझी चूक. दुसरी पुढे येईल. दोनच आहेत.

आता निवड. माझ्यापुढे चार रस्ते होते आणि चारही मी करून पाहिलेले होते. मूळच्या सिंगलचे जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल येते तो पितळी स्क्रू, मोठे करायचे, तर गाडी काळा धूर सोडते आणि पिकप यायच्या जागी पेट्रोल तेवढे जाते. शर्यतीच्या गाड्यांना आडवा मोठा कार्बोरेटर बसवतात, तसा बसवायचा, तर वेगात गाडी सुटते खरी, पण अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ती खोकत, आचके देत बंद पडते. जोडी लावायची तर नियमातच बसत नव्हती. पण नसता नियम तरी मी लावली नसती. दोन कार्बोरेटर एकसारखे चालले तरच जोडी. साकीनाक्याच्या खड्ड्यांतून आठवडाभर गाडी गेली की एकाचा स्क्रू जरासा ढिला होतो, इंजिन तापले की दुसरा वेगळा वागतो, आणि मालक रविवारी पुन्हा रबरी नळीवाल्या माणसाच्या दारात.

राहिला डबल. त्याची गंमत अशी की दोन्ही तोंडे एकदम उघडत नाहीत. पाय हलका असेपर्यंत एकच तोंड चालते, गाडी बाजारात जाते, भाजी आणते, वडिलांना दवाखान्यात नेते. पाय अर्ध्याच्या खाली गेला की दुसरे उघडते, आणि तीच गाडी वेगळी होते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या आणि वेळ आल्यावर पळणाऱ्या गाडीला याहून चांगले उत्तर मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही.

हे मी उस्तादांना जाऊन सांगितले. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

"जोडी लाव झिला," ते म्हणाले. "वरच्या गटात जा. डबल म्हणजे धड ना हे, धड ना ते."

"तुमची जोडी म्हणजे तबला-डग्गा आहे उस्ताद. आधी अर्धा तास ठोकाठोक, मग गाणं."

गॅरेजात चार गिऱ्हाइके होती. ती हसली. एक जण तर गाडीच्या टपावर ताल धरून हसला. उस्तादही हसले, आणि मला चहा पाजला. पण पुढच्या आठवड्यात हे वाक्य मुलुंडला माझ्याच कानावर परत आले, आणि तेव्हापासून उस्तादांच्या जोडीला लोक तबला-डग्गा म्हणू लागले. जोडी बसवून देण्यात त्यांचे निम्मे नाव होते. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

कार्बोरेटर कुर्ल्याच्या भंगारात मिळाला. परदेशी गाडीच्या चेपलेल्या इंजिनावर, चिखलात माखलेला, पण दोन्ही तोंडांच्या झडपा बोटाने हलत होत्या. भंगारवाल्या चाचांना त्याची किंमत कळू नये म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली आणि शेजारच्या रेडिएटरसाठी तासभर भांडलो.

"रेडिएटर गळका आहे, चाचा."

"गळका नाही, घामेजलाय. तुझ्यासारख्याशी बोलून."

"बरं, याच्या बदल्यात माझा चालू स्टार्टर घ्या. पण मग वर काहीतरी टाका. हा मातीचा गोळा टाका."

चाचांनी मातीच्या गोळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तू तासभर या गोळ्याकडे पाठ करून उभा आहेस. ज्याच्याकडे माणूस बघत नाही, तेच त्याला पाहिजे असतं. दोन स्टार्टर."

दोन दिले. रेडिएटर त्यांनाच ठेवायला सांगितला, तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सांगायचा मुद्दा, मला ओळखणारा माणूस मला फसवू शकतो. अनोळखी नाही.

तो ठोकळा आमच्या इंजिनावर सरळ बसत नाही, मध्ये जाड ॲल्युमिनियमची पट्टी लागते. ती शेजारच्या लेथवर तीनदा कापून घेतली. मग जेट. मोठे घालायचे, पवईच्या चढावर गाडी पळवायची, लगेच बंद करून स्पार्क प्लग काढून पाहायचा. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, विटेसारखा लालसर असला की बरोबर. बायको शेजारी बसून मांडीवर जेटांची डबी धरायची. आधी कुरकुर करायची, नंतर तिलाच नाद लागला. चढावर पाठ सीटला चिकटली की ओरडायची, "अहो, आत्ता दुसऱ्याने तोंड उघडलं ना?" एकदा ती म्हणाली आज नीट उघडलंच नाही, मी म्हणालो उघडलं, आणि थांबून पाहिले तर दुसऱ्या तोंडाची तार खरोखरच अडकलेली होती, ते उघडत होते ते अर्धेच. तिच्या पाठीला माझ्या कानाआधी कळले.

शर्यतीचा दिवस. बोरिवलीच्या पश्चिमेला नवा रस्ता होत होता, त्याचा एक सरळ तुकडा अजून वाहतुकीला उघडला नव्हता. सुरुवातीलाच एक टेबल, त्यावर फॉर्म, आणि टेबलामागे गाड्यांची तपासणी करणारे म्हणून उस्ताद. क्लबने त्यांना बोलावले होते. वरच्या गटात त्यांनीच तयार केलेली जोडीची गाडी धावणार होती, आणि तपासणारेही तेच. हे कोणालाच खटकले नाही. मलाही नाही. उलट बरे वाटले, आपला माणूस आहे.

मी बॉनेट उघडून आधारदांडी लावली. उस्ताद वाकले. चांगली दोन मिनिटे आत पाहत होते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"पट्टी बरी बसवलंस."

"तुम्हीच शिकवलंत."

ते टेबलाशी गेले, चष्मा लावला, पेन उघडले. आणि आमच्या गॅरेजातल्या आवाजात, मान वर न करता विचारले, "सिंगल काय डबल रे?"

"डबल," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.

त्यांनी लिहिले, कागद माझ्यापुढे सरकवला. इंग्रजी फॉर्म. गाडीचा नंबर मी वाचला, तो बरोबर होता. सही केली. ही दुसरी चूक.

गाडी सुटली तशी ती आधी कधी सुटली नव्हती. पहिला गिअर, दुसरा, आणि तिसऱ्यात पाय खाली दाबला तेव्हा दुसऱ्या तोंडाने श्वास घेतलेला मला हातातल्या स्टेअरिंगमध्ये कळला. माझ्या गटात माझ्या जवळपास कोणी नव्हते. पण खरी गोष्ट वेगळीच होती. वरच्या गटातली उस्तादांची जोडीची गाडी सुरुवातीलाच ठसकली, आणि तिची वेळ माझ्यापेक्षा जास्त भरली. लोकांनी ते पाहिले. कोणीतरी तोंडाने तबला वाजवला.

तासाभराने सेक्रेटरींनी निकाल वाचला. माझ्या गटात पहिला म्हणून दुसऱ्याच गाडीचा नंबर. मला वाटले, चुकून राहिला. टेबलाशी गेलो.

"तुमचा फॉर्म बाद आहे," सेक्रेटरी म्हणाले. "डबल कार्बोरेटर लिहिलंय. डबल म्हणजे दोन. सिंगलच्या गटात चालत नाही."

"दोन कुठले? एक आहे. तुम्हीच सांगितलंत, तोंडं विचारत नाही म्हणून."

"मी नियम सांगितला. फॉर्म तुम्ही भरलात."

"गाडी इथे उभी आहे. चला, बॉनेट उघडतो."

"निकाल वाचल्यावर बॉनेट उघडत नाही. तसाही नियम आहे. खाली सही तुमची आहे ना?"

मी उस्तादांकडे वळलो. ते टोपीने वारा घेत होते. "उस्ताद, सांगा यांना. तुम्ही आत पाहिलंत."

"मी विचारलं," ते सेक्रेटरींना म्हणाले. माझ्याशी बोलले नाहीत. शुद्ध मराठीत बोलले, मालवणी एक शब्द नाही. "याने सांगितलं डबल. मी लिहिलं डबल."

मग मी टेबल उलटवले. यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. फॉर्म वाऱ्यावर गेले, सेक्रेटरींच्या पांढऱ्या पँटवर चहा सांडला. त्याचा परिणाम असा, की क्लबने मला कायमचे बाद केले आणि तक्रार ऐकून घ्यायची गरजच उरली नाही. गैरवर्तन केलेल्याची तक्रार ऐकत नाहीत म्हणे. म्हणजे मी चिडणार हेही हिशेबात धरलेले होते. चार वर्षे शेजारी काम केलेल्या माणसाला माझा पारा कितीवर चढतो हे ठाऊक होते.

घरी बायको म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात ना डबल?"

"म्हणालो."

"मग एकच आहे असं का नाही म्हणालात?"

"कारण त्यांनी विचारलं."

तिला समजले. दुसऱ्या कोणी विचारले असते, तर मी म्हणालो असतो, एक कार्बोरेटर, दोन तोंडांचा. सेक्रेटरींना मी तसेच सांगितले होते. पण उस्तादांनी त्यांच्या बोलीत विचारले की मी त्यांच्याच बोलीत उत्तर देणार. त्यांनी ऐकले गॅरेजच्या भाषेत आणि लिहिले क्लबच्या भाषेत.

आठवड्याने मी घाटकोपरला गेलो. शांतपणे गेलो, हात मागे बांधून. ते नळी कानात घालून एका जोडीवर बसले होते.

"डबल म्हणजे काय, उस्ताद?"

"कोणाक विचारतंस?"

"मला फडकं फेकून मारणाऱ्याला."

त्यांनी नळी काढली. "तबलो-डग्गो कोण म्हणालो?"

"मी म्हणालो. तुमच्या तोंडावर म्हणालो. तुम्हीही माझ्या तोंडावर म्हणायचं होतं, 'झिला, तुका सोडूचंय नाय.' मी टेबल तेव्हाच उलटवलं असतं."

"गॅरेजातला डबल गॅरेजात. थंय नियम," ते म्हणाले. आणि पुन्हा नळी कानात घातली, म्हणजे पुढचे ऐकायला नको. मी दहा मिनिटे उभा होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

तरी मी बुडालो नाही. ज्यांनी त्या दिवशी गाडी पाहिली होती, त्यांच्यापैकी सहा जण महिनाभरात साकीनाक्याला आले. सहाही गाड्यांना दोन तोंडांचाच बसवला. कोणी जोडी मागायला आला तर त्याला मी घाटकोपरचा पत्ता द्यायचो, प्रामाणिकपणे द्यायचो, आणि तो सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचा. वाहवा, फुकटची कीव, 'जाऊ दे रे, झालं ते झालं', यांतले काही मला नको. झाले ते झालेले नाही. फळा हॉलमध्ये आहे. त्या वर्षीच्या ओळीत जो माणूस आहे, त्यानेच मला चौपाटीवर भेटून सांगितले, "यार, ती ओळ तुझी आहे, मला माहीत आहे." त्याला मी काय म्हणू? त्याने काही केलेले नाही.

उत्तर द्यायचे आहे दोघांनी. सेक्रेटरींनी सांगावे, ज्याच्या हातची गाडी त्याच सकाळी धावणार होती, त्या माणसाला तपासणीच्या टेबलावर कोणी बसवले, आणि बॉनेट उघडायला तुम्हाला अडचण कसली होती. आणि उस्तादांनी. ते आता थकलेत, गॅरेज बंद असते, असे ऐकतो. थकलेल्या माणसालाही एक प्रश्न विचारता येतो. दोन मिनिटे तुम्ही वाकून आत पाहत होता. मी काय म्हणालो ते सोडा, मी रागीट आहे, फटकळ आहे, तुमच्या धंद्यावर हसलो, सगळे कबूल. तुमच्या डोळ्यांनी काय पाहिले ते सांगा. माझ्यासमोर नको असेल तर क्लबच्या हॉलमध्ये, त्या फळ्यासमोर उभे राहून सांगा. पण सांगा. मी वाट पाहतो आहे, आणि मला कुठेही जायचे नाही.